डावीकडचे डाग

विद्यापीठाने जुन्या वास्तूच्या जीर्णोद्धारासाठी समिती नेमली की पहिलं भांडण रंगावरून होतं. भैरवमाळच्या वेधशाळेचंही तेच झालं. घुमट पांढरा की पिवळट, यावर समितीच्या तीन बैठका गेल्या, आणि शेवटी कंत्राटदाराकडे जो रंग शिल्लक होता तो लागला. पण बाकीचं काम खरोखर चांगलं झालं, हे प्रमिलाताई शेडग्यांनाही कबूल करावं लागलं. घुमटाची गंजलेली चाकं बदलली. चाळीस वर्षं ठाण मांडून बसलेली कबुतरं गेली. भिंतींना चुन्याचा गिलावा झाला आणि जुन्या दुर्बिणीची पितळी नळी अशी लखलखली की प्रमिलाताईंना ती परक्याच्या घरची वाटायला लागली.

एकशे तीस वर्षांपूर्वी एका हौशी संस्थानिकाने बांधलेली ही वेधशाळा फक्त सूर्याची. रात्रीच्या ताऱ्यांशी इथे कुणाला देणंघेणं नव्हतं. सगळं काम सकाळी आठ ते नऊ. दुर्बिणीतून येणारं सूर्याचं बिंब एका लाकडी फळीवर पाडायचं, फळीला छापील वर्तुळाचा कागद लावायचा, आणि सूर्यावर जे काळे डाग दिसतील ते पेन्सिलीने जिथल्या तिथे उतरवायचे. आभाळ आलं तर ‘ढग’ असं लिहून तोही कागद फायलीत लावायचा. खोलीत खोडरबर आणायची परवानगी नव्हती. निरीक्षकाखेरीज कुणी कागदावर पेन्सिल टेकवायची नाही, हा नियम तर दारावर पाटी लावून सांगितलेला होता. एकशे तीस वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. जगात अशा अखंड नोंदी फार थोड्या ठिकाणी होत्या, आणि म्हणूनच सन २०४१ मध्ये या माळावर कुणीतरी पैसे खर्च करायला तयार झालं होतं.

प्रमिलाताई इथल्या शेवटच्या निरीक्षक. अठ्ठावन्न वर्षांच्या. महिनाअखेर निवृत्ती, आणि त्याच दिवशी नव्या वेधशाळेचं उद्घाटन.

नव्या वेधशाळेत सगळ्यांत नवं होतं ते ‘नेत्रक’. ते बनवणारी मुलगी म्हणजे मृण्मयी धामणकर, चौतीस वर्षांची, हुशार आणि बोलायला सरळ. प्रमिलाताई तिला लहानपणापासून ओळखत होत्या. तिचे वडील वासुदेवराव धामणकर हे प्रमिलाताईंच्या आधीचे निरीक्षक. सुट्टीत ती वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून वर यायची आणि फाटक्या कागदांवर चित्रं काढत बसायची. तेव्हा ती प्रमिलाताईंना मावशी म्हणायची, आणि अजूनही म्हणत होती.

नेत्रकाचं काम तिने पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. एकच सूर्य दोन माणसांनी पाहिला तर दोन वेगळी चित्रं होतात. कुणाला बारीक ठिपके दिसतात, कुणी ते सोडून देतो. कुणी जोडडाग एकच धरतो. म्हणून जुन्या नोंदींवरून सूर्याचा खरा इतिहास मांडायचा तर आधी प्रत्येक निरीक्षकाची नजर समजायला हवी. आणि तो इतिहास हवाच होता. सूर्यावरच्या वादळांनी गेल्या दहा वर्षांत दोनदा अर्ध्या देशाची वीज घालवली होती, आणि पुढचं वादळ कधी, हे सांगायला मागची शंभर वर्षं लागत होती.

नेत्रक एकेका निरीक्षकाचे हजारो कागद घ्यायचं, त्याच दिवसांची उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रं शेजारी ठेवायचं, आणि त्या माणसाच्या डोळ्याने काय उचललं नि काय सोडलं ते शिकायचं. पेन्सिलीचा दाब, रेघेची दिशा, कागदावर उमटलेले खळगे, सगळं. ज्यांच्या काळात उपग्रह नव्हते त्यांची नजर पुढच्या निरीक्षकाशी ताडून काढायची. एकदा शिकलं, की आजच्या सूर्याचं छायाचित्र त्याला दाखवायचं आणि विचारायचं, अमुक माणूस आज फळीसमोर बसला असता तर त्याने काय काढलं असतं. उत्तर द्यायला मृण्मयीने एक यांत्रिक हात बसवला होता. मनगटाएवढा जाड, खाली खरी पेन्सिल धरलेला. उद्घाटनाला कुलगुरूंना काहीतरी हलताना दिसायला हवं, असं ती हसून म्हणाली होती.

पहिल्या सकाळी तिने वडिलांचीच नजर लावली.

हात फळीवर आला. पेन्सिल कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गेली आणि तिथे दोनदा टेकली. टक, टक. मग थांबून सूर्याच्या मध्यावर आली आणि चित्र काढायला लागली.

प्रमिलाताई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. धामणकर सर प्रत्येक कागद सुरू करताना पेन्सिल तश्शीच आपटायचे. बावीस वर्षांत तो आवाज या खोलीत झाला नव्हता.

“घाबरलीस का मावशी?” मृण्मयी म्हणाली. “त्यांच्या प्रत्येक कागदावर त्या जागी दोन खळगे आहेत. यंत्राला वाटतं, तोही चित्राचाच भाग आहे.”

समजावून सांगितल्यावर भीती जायला हवी. पण हात डागाभोवतीची फिकट कड काढताना मध्येच अडला, किंचित मागे आला, मग पुन्हा गेला, आणि शेवटी खाली धामणकरांच्या तिरक्या अक्षरांत लिहिलं, ‘हवा स्थिर. वा. धा.’ प्रमिलाताई दोन पावलं मागे सरल्या. मृण्मयी मात्र कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा प्रमिलाताईंना पाहवेना, म्हणून त्या चहा ठेवायला गेल्या.

धामणकर गेले तेव्हा मृण्मयी बारा वर्षांची होती. सर दुपारी जेवायला घाट उतरून घरी गेले आणि परत वर येताना तिसऱ्या वळणावर स्कूटरसकट डावीकडच्या दरीत गेले. लख्ख ऊन होतं, रस्ता मोकळा होता, आणि तीस वर्षं ते त्याच रस्त्याने येत-जात होते. त्याच महिन्यात विद्यापीठाने वेधशाळा बंद करायचं पत्र पाठवलं होतं. गावाने दोन आणि दोन चार केले. उघड कुणी म्हटलं नाही, पण सरांनी उडी घातली असंच सगळ्यांनी धरलं. घरच्यांनीसुद्धा. सरांच्या पत्नी उषावहिनींनी नवऱ्याचा फोटो भिंतीवर लावला नाही. त्या मुलीला घेऊन साताऱ्याला भावाकडे गेल्या, त्या पुन्हा भैरवमाळ चढल्या नाहीत. वर्तमानपत्रांत बातमी आली, ओरड झाली, विद्यापीठाने लाजेकाजेस्तव पत्र मागे घेतलं. वेधशाळा वाचली आणि सरांच्या जागी तोवर नुसती डाग मोजून वहीत आकडे भरणारी प्रमिला शेडगे बसली.

मृण्मयी यावर एकदाच बोलली होती. कामाला आली त्या आठवड्यात. म्हणाली, “मला राग एवढाच आहे मावशी, की जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

निरीक्षकाची नजर वयाबरोबर बदलते. ती नेत्रकाला नीट कळली आहे का, हे तपासायला मृण्मयीने एक चाचणी लावली. धामणकरांची शेवटची तीन वर्षं घ्यायची, आणि रोजच्या एका कागदागणिक त्यांना दोन महिन्यांनी पुढे न्यायचं. सूर्य आजचा, नजर त्या महिन्याची. असे अठरा दिवस.

पहिले दहा दिवस छान गेले. प्रमिलाताईंना सवयही झाली. सकाळी आठला टक, टक. मग पेन्सिलीची सरसर. अकराव्या दिवशी मृण्मयी कागदावर वाकली आणि म्हणाली, यंत्र बिघडलंय. सूर्याच्या डाव्या कडेला, हरभऱ्याएवढा मोठा डाग होता. हाताने तो काढलाच नव्हता. आणि उजवीकडचे मोहरीएवढे ठिपकेसुद्धा एकूण एक काढले होते.

प्रमिलाताईंनी कागद पाहिला. तो डाग कुठे गेला, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

इथल्या फळीवर सूर्याचे डाग डाव्या कडेने उगवतात आणि तेरा-चौदा दिवसांत सरकत उजव्या कडेला मावळतात. पुढच्या तीन दिवसांत धामणकरांच्या सूर्यावर ते डावीकडून उगवेनासेच झाले. एकदम बिंबाच्या मध्यावर प्रकट व्हायचे, पूर्ण वाढलेले. डावीकडची कोरी जागा रोज बोटभर रुंद होत होती. मृण्मयीने यंत्र तपासलं, कागद तपासले. जुन्या कागदांवर डावीकडचे डाग होते. मग नेत्रक ते का सोडतंय?

चौदाव्या दिवशी तिला उत्तर सापडलं, आणि ती ते सांगायला धावत प्रमिलाताईंच्या टेबलाशी आली. यंत्र बिघडलेलं नव्हतं. शेवटच्या चौदा महिन्यांच्या कागदांवर दोन माणसांचे हात होते. एक वडिलांचा. दुसरा अगदी हलका, त्यांच्यासारखंच काढायचा प्रयत्न करणारा. दाबात आणि रेघेच्या दिशेत तेवढा फरक. नेत्रकाने तो दुसरा हात आपणहून वेगळा काढून ठेवला होता.

“कुणीतरी बाबांच्या कागदावर भर घालत होतं,” ती म्हणाली. “रोज. फक्त डावीकडे.”

त्या काळात वर कोण कोण होतं, असं तिने विचारलं. प्रमिलाताईंनी खरं तेच सांगितलं: मिस्त्री होता, तो आता हयात नाही, दोन विद्यार्थी येऊन-जाऊन असत. आणि मी. मृण्मयी हसली. “तू तर कागदाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचीस.” तिने मिस्त्री आणि विद्यार्थ्यांची नावं लिहून घेतली.

आता प्रमिलाताईंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी सरांनंतर बावीस वर्षं काढलेले आठ हजार कागद फायलींत होते. ते नेत्रकाला दाखवले की दुसरा हात कुणाचा हे क्षणात कळलं असतं. पण हयात निरीक्षकाची नजर शिकायची तर त्याची लेखी संमती लागते, असा नियम होता. संमतीचा कागद महिनाभर त्यांच्या टेबलावर पडून होता. सही करायची राहून गेली, एवढंच त्या म्हणत आल्या होत्या. अजून नऊ दिवस राहून गेली असती तर त्या निवृत्त होणार होत्या.

मृण्मयीने दुसऱ्या हाताला निळी पेन्सिल दिली. त्या दिवसापासून यांत्रिक हात आधी धामणकरांचा सूर्य काळ्या पेन्सिलीने काढायचा, मग निळी घेऊन डावीकडे जायचा आणि गळालेले डाग हळूच भरायचा. प्रमिलाताई ते बघत उभ्या राहायच्या. आपण केलेलं काम आपल्यासमोर दुसरं कुणीतरी करतंय, आणि आपल्यापेक्षा जास्त मायेने करतंय, असं त्यांना वाटायचं.

सुरुवात साधी होती. एका सकाळी सरांच्या कागदावर एक डाग राहिला. त्या मोजणीला सरांच्या डाव्या हाताशी उभ्या असत. त्यांनी तो पाहिला. सांगावं तर सर निरीक्षक, आपण कारकून. खोडरबर नाही, दुसरा कागद घ्यायची रीत नाही, आणि चुकीचा आकडा गेला तर अखंड नोंदीला बट्टा. सर पेन्सिलीला टोक करायला वळले तेवढ्यात त्यांनी तो डाग भरला. सरांनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, “छान झालाय आजचा कागद.” प्रमिलाताईंनी त्याचा अर्थ लावला: सरांना कळलंय, नजर अधू होतेय, आणि ते आपल्यावर सोपवतायत. मग ते रोजचंच झालं, सर समोर बसलेले असतानाही. चौदा महिने दोघांमध्ये एक शब्द झाला नाही. हे न बोललेलं संगनमत हीच प्रमिलाताईंची आयुष्यभराची पुंजी होती. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्यावर इतका विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नव्हता.

सर गेले त्या दिवशी त्यांना वाटलं होतं, सांगावं. नजर अधू होती, उडी नव्हती. पण मग कागदांचं बिंग फुटणार, नोंद तुटणार, वेधशाळा बंद पडणार. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्या सरांच्या खुर्चीत बसल्या, आणि तिथून सांगणं तर अशक्यच झालं.

अठराव्या दिवशी हाताने धामणकरांच्या अखेरच्या महिन्याचा कागद काढला. बिंबाची डावी बाजू जवळजवळ मध्यापर्यंत कोरी होती. मृण्मयीने सगळे कागद गुंडाळले. डोळा अधू झाला तर बारीक डाग आधी गळतील, मोठे नाहीत. हे काहीतरी वेगळं आहे, म्हणाली. पुण्याला तिची एक मैत्रीण मेंदूची डॉक्टर होती. तिला दाखवून येते म्हणून ती दुपारच्या गाडीने गेली. यंत्र बंद करायचं मात्र विसरली.

एकोणिसाव्या सकाळी प्रमिलाताई आठला वर आल्या तर घुमट आपोआप उघडलेला, बिंब फळीवर पडलेलं, आणि हात काम करत होता. टक, टक. चाचणीला शेवटची तारीख दिलेली नव्हती. यंत्राच्या लेखी माणूस मरत नाही, नुसता पुढे सरकतो. धामणकर आता मृत्यूनंतरच्या दुसऱ्या महिन्यात होते आणि सूर्य काढत होते.

यंत्र बंद करायला दोन पावलांवर खटका होता. प्रमिलाताईंनी तो बंद केला नाही. विसाव्या दिवशी काळ्या पेन्सिलीला उजव्या कडेची चतकोर फोड तेवढी उरली. बाकी सगळा सूर्य निळा होता.

एकविसाव्या सकाळी सूर्यावर डागांची नुसती झुंबड होती. उपग्रहाच्या छायाचित्रात त्यांनी अठ्ठावीस मोजले. हात आला. कोपऱ्यात दोनदा टेकला. बिंबावर गेला आणि थांबला. पेन्सिलीचं टोक कागदापासून केसभर वर, जागच्या जागी, कितीतरी वेळ. प्रमिलाताईंना वाटलं बिघडला. मग तो खाली सरकला आणि त्या तिरक्या ओळखीच्या अक्षरांत लिहिलं, ‘डाग नाहीत. हवा स्थिर. वा. धा.’

प्रमिलाताईंनी नकळत हाक मारली, “सर.” रिकाम्या खोलीत आपलाच आवाज त्यांना कुणा दुसऱ्याचा वाटला.

हाताने काळी पेन्सिल ठेवली, निळी उचलली, आणि सावकाश, न चुकता, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस डाग भरायला लागला. आता नक्कल करायला समोर काहीच नव्हतं, म्हणून निळा हात आपल्या मूळ वळणावर गेला. डागाची कड बाहेरून आत, छोट्या छोट्या वळशांनी. तशी कड या वेधशाळेत एकाच माणसाने आयुष्यभर काढली होती. बघता बघता फळीवर प्रमिला शेडग्यांचा सूर्य तयार झाला, आणि खाली सही मात्र वासुदेव धामणकरांची होती. प्रमिलाताई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. इतकी भीती त्यांना कधीच वाटली नव्हती, आणि ती यंत्राची नव्हती.

मृण्मयी त्याच दिवशी अकराला परतली. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा मोकळा. आल्या आल्या तिने प्रमिलाताईंना मिठी मारली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाबांचे डोळे चांगले होते. मेंदूच्या उजव्या बाजूला काहीतरी वाढत होतं, बहुतेक गाठ. असं झालं की माणसाच्या जगातून डावी बाजू गळून जाते. डोळ्याला दिसतं, मनापर्यंत पोचत नाही. रोगी दाराच्या डाव्या चौकटीला धडकतो, डाव्या गालाची दाढी तशीच ठेवतो. वाढ सावकाश असेल तर घरच्यांनाही वर्षभर पत्ता लागत नाही.

“बाबांनी उडी नाही मारली, मावशी. वळण डावीकडे होतं. त्यांच्यासाठी तिथे दरी नव्हतीच.”

प्रमिलाताईंना घुमटाच्या अरुंद दारात सरांचा सारखा घासणारा डावा खांदा आठवला. दार अरुंद आहे म्हणून त्या सुताराला बोलवा म्हणाल्या होत्या.

मृण्मयी बोलत होती. आता तिचा आवाज बदलला. म्हणाली, यातलं वाईट हे की रोग्याला स्वतःला काही कळत नाही. काही हरवलंय, हेच त्याला ठाऊक नसतं. बाहेरच्या माणसानेच सांगावं लागतं. आणि इथे एक माणूस होता. बाबांचं काय गळतंय ते त्याला रोज सकाळी दिसत होतं. त्याने डॉक्टरला सांगितलं असतं, आईला सांगितलं असतं, निदान स्कूटरची किल्ली लपवली असती. त्याने काय केलं, तर डाग भरले.

“मला फक्त त्याचं तोंड बघायचंय,” ती म्हणाली.

नऊ दिवसांचे दोन राहिले होते. प्रमिलाताई गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. संमतीच्या कागदाला कुणी हात लावणार नव्हतं, आणि एकविसावा कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. पण त्यांच्या कानांत एकच वाक्य घुमत होतं: रोग्याला स्वतःला काही कळत नाही.

“कळत नव्हतं कसं?” त्या म्हणाल्या. “सरांना सगळं माहीत होतं. मी त्यांच्या डोळ्यांदेखत भरायचे.”

मृण्मयीला आधी समजलंच नाही. प्रमिलाताईंनी पर्समधून कागद काढून तिच्यासमोर उलगडला. मग शेजारच्या फायलीतून स्वतःचा गेल्या आठवड्यातला एक कागद काढून त्याच्या बाजूला ठेवला. दोन्हीकडे तेच वळसे होते.

“ते रोज म्हणायचे, छान झालाय आजचा कागद. मला वाटलं, ते मला सांगतायत.”

“ते उजव्या बाजूबद्दल बोलत होते,” मृण्मयी म्हणाली.

एवढं बोलून ती खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. प्रमिलाताईंनी माफी मागितली नाही. मागायला तोंडच नव्हतं. चौदा महिने कुणी आपल्यावर काही सोपवलं नव्हतं, आपल्याकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. आपण डावीकडे उभ्या होतो. त्यांना हुंदका आला तो आधी या गोष्टीचा आला, आणि त्याचीच त्यांना पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

मग मृण्मयी वळली. तिने फोन काढून नंबर लावला आणि तो फळीवर, प्रमिलाताईंच्या समोर ठेवला. “मला नको सांगूस. आईला सांग.”

साताऱ्याला उषावहिनींनी फोन उचलला. आता शहात्तर वर्षांच्या, पण आवाज तोच. प्रमिलाताईंनी नाव सांगितलं, आणि मग न थांबता पहिल्या डागापासून शेवटच्या सकाळपर्यंत सगळं सांगितलं. शेवटच्या कागदावर अकरा डाग होते. सरांचे चार, माझे सात. सर दुपारी घरी गेले तेव्हा मी पेन्सिली नीट लावून ठेवत होते. मेंदूचं काय होतं ते आजच कळलं. सरांनी जीव दिला नाही, वहिनी.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग उषावहिनींनी विचारलं, “डावीकडचं काहीच कळत नव्हतं का त्यांना?”

“नव्हतं.”

“ताटातलंसुद्धा?”

प्रमिलाताईंनी मृण्मयीकडे पाहिलं. मृण्मयीने हळूच मान हलवली.

“नसणार, वहिनी.”

“शेवटी शेवटी कोशिंबीर, चटणी सगळं तसंच टाकून उठायचे,” उषावहिनी म्हणाल्या. “रोज. मी काही बोलले नाही बरेच दिवस. त्या दुपारी बोलले. म्हटलं, माझ्या हातचं गोड लागेनासं झालं असेल तर तसं सांगा, ताटात टाकून अन्नाची नासाडी करू नका. ते ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, कुठली कोशिंबीर? मला वाटलं, टोमणा मारतायत. मी ताट ओढून घेतलं पुढ्यातून. अर्धवट जेवणावरून उठले ते, आणि स्कूटर काढली.”

मृण्मयी फोनकडे झेपावली. हे तिने कधीच ऐकलं नव्हतं. “आई,” ती म्हणाली, पण आईला तिच्याशी बोलायचं नव्हतं.

“बावीस वर्षं मला वाटतंय, मीच घालवलं त्यांना. म्हणून फोटो नाही लावला. कुठल्या तोंडाने लावणार?” त्यांचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. “प्रमिला, त्यांना नीट दिसत नाही, एवढं तरी तुला तेव्हा माहीत होतं ना गं?”

फळीवरचं सूर्याचं बिंब सरकत कडेशी गेलं होतं. प्रमिलाताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“हो, वहिनी,” त्या म्हणाल्या. “माहीत होतं.”